३८ डाइव्हनंतर: काय स्वतःचं घेतलं, काय अजून भाड्यानं घेते

माझ्या चष्म्याचा नंबर वजा ४.५ आहे. स्कूबा डाइव्हिंगच्या (सिलिंडर लावून पाण्याखाली जाण्याच्या) सुरुवातीच्या ओपन वॉटर कोर्समधल्या तिसऱ्या डाइव्हला इन्स्ट्रक्टरनं तळहातावर दोन बोटं टेकवून विचारलं, हवा किती उरली? तो समोर चारेक मीटरवर होता, पण त्याची बोटं मला दिसलीच नाहीत. धाकट्या बहिणीनं कोपर धरून हलवलं तेव्हा कळलं की प्रश्न मला आहे. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज मास्कच्या काचेला जवळजवळ टेकवून आकडा वाचला, ७० बार. धोका नव्हता, पण त्याच दिवशी ठरवलं की सामानातली पहिली खरेदी मास्कची असेल आणि काचा नंबरच्या असतील.

आता ३८ डाइव्ह झाल्या आहेत. या काळात जे घेतलं ते स्वतःच्या पैशांनी घेतलं, एक वस्तू चुकीची घेऊन विकली आणि एक महत्त्वाची वस्तू अजूनही मुद्दाम भाड्यानं वापरते. जे अंगावर नेमकं बसलं नाही तर डाइव्हच बिघडते, ते आधी घ्यायचं. बाकीच्याला थांबायचं. हा क्रम मला कुणी सुरुवातीला ठासून सांगितला असता तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

मास्क मी पहिल्यांदा फोटो पाहून मागवला. दोन काचांचा, दिसायला देखणा. पाण्यात नाकाच्या बाजूनं, गालाच्या रेषेतून सतत पाणी शिरायचं. मी पट्टा आवळत गेले. वर आल्यावर कपाळावर लाल वळ उठले होते. बहीण म्हणाली, "ताई, घट्ट नको करूस, सैल कर." तिचं बरोबर होतं. पट्टा आवळला की सिलिकॉनची कड मुडपते आणि गळती वाढते. मास्कला जागेवर धरून ठेवण्याचं मुख्य काम पाण्याचा दाब करतो, पट्ट्याचं काम थोडंच असतं. पण पट्टा सैल करूनही तो मास्क गळतच राहिला, कारण माझा चेहरा अरुंद आहे आणि तो मास्क रुंद चेहऱ्यासाठी होता.

दुसरा मास्क घेताना मी दुकानात अर्धा तास घालवला. पट्टा मागे टाकायचा, केस बाजूला करायचे, मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवायचा आणि नाकानं हलका श्वास ओढून थांबायचं. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर पहिली परीक्षा पास. ही परीक्षा सगळेच सांगतात. दुसरी फारसं कुणी सांगत नाही: तोंडात रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा श्वासापर्यंत आणणाऱ्या यंत्राचा) माउथपीस धरून तेच परत करायचं. माउथपीसमुळे गाल आणि वरचा ओठ यांचा आकार बदलतो. माझ्या हातातल्या पाचपैकी दोन मास्क याच टप्प्यावर सुटले. मिशा असतील तर वरच्या ओठाची कड आणखी काळजीनं तपासा.

नंबरच्या काचा बऱ्याच दोन-काची मास्कसाठी अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात तयार मिळतात. माझा सिलिंड्रिकल नंबर अगदी थोडा आहे, म्हणून तयार काचांवर भागलं. तो जास्त असेल तर काचा घडवून घ्याव्या लागतात. पाण्यात सपाट काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतरानं जवळ दिसते. त्यामुळे थोडा नंबर असलेल्या माणसाला आपल्याला सगळं नीट दिसतंय असं वाटू शकतं. मला तसं कधीच वाटलं नाही. नव्या काचा लावून खाली गेले त्या दिवशी कातळाच्या कपारीतली मोरे ईल (सापासारखा लांब मासा) पहिल्यांदा स्वतः शोधली. तोपर्यंत लोक बोट दाखवायचे आणि मी मान डोलवायचे.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. तो काढला नाही तर काच धूसर होतेच. मी साध्या टूथपेस्टनं आतून चार वेळा घासली. काचेवर खास लेप असेल तर मात्र आधी सोबतचं माहितीपत्रक वाचा. आतली जागा कमी असलेला मास्क घेतला तर पाणी बाहेर काढायला आणि दाब सारखा करायला हवा कमी लागते. कडेचा रंग काळा की पारदर्शक, यावर मी फार वेळ घालवला नाही.

दुसरी खरेदी डाइव्ह कॉम्प्युटरची. अनेकांना हा क्रम उलटा वाटतो, मला नाही. कॉम्प्युटर ज्याचा त्याचा असावा, कारण तो मनगटावरच्या माणसाच्या आधीच्या डाइव्ह लक्षात ठेवून शरीरात उरलेल्या नायट्रोजनचा हिशेब करतो. सकाळी एक आणि दुपारी दुसरा लावला तर दुसऱ्याला सकाळचं काहीच ठाऊक नसतं. मी शिअरवॉटरचा पेरेग्रिन घेतला. कारण सरळ आहे, २.२ इंची रंगीत पडदा आणि ठसठशीत आकडे. खोली, वेळ, त्या खोलीवर थांबायला किती मिनिटं उरली, हे सगळं हात लांब ठेवूनही वाचता येतं. आत नायट्रोजनच्या हिशेबाचं ब्यूलमन ZHL-१६C नावाचं गणित आहे, सावधपणाची पातळी आपण ठरवायची. आधीपासून ती ४०/८५ वर असते. मी एक पायरी जास्त सावध, ३५/७५ ठेवली आहे. त्यामुळे माझा वेळ बहिणीच्या आधी संपतो आणि आम्ही दोघी माझ्या आकड्यावर वर येतो. बॅटरी बदलायचं झाकण नाही, चार्जिंग वायरशिवाय होतं, म्हणजे झाकणाची ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) नीट बसली की नाही ही चिंता गेली. माझ्या बारीक मनगटावर तो मोठा दिसतो. पट्ट्याऐवजी ताणली जाणारी बंजी दोरी लावल्यावर फिरायचा थांबला.

फिन्सबद्दल थोडक्यात. आधी बूट घ्या, मग त्या बुटावर फिन बसवून पाहा, उलटं करू नका. माझी पावलं लहान आहेत आणि भाड्याच्या फिन्समध्ये ती आत घसरायची, पोटऱ्यांत गोळे यायचे. आता उघड्या टाचेच्या, मध्यम कडक पात्याच्या फिन्स आहेत आणि रबरी पट्ट्याच्या जागी स्प्रिंगचा पट्टा. बोटीच्या हलत्या कडेवर बसून बकल शोधत बसावं लागत नाही, एवढ्यासाठीच तो खर्च वसूल झाला.

वेटसूट ५ मिमीचा घेतला, स्त्रियांच्या मापाचा. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं, म्हणून सैल सूट म्हणजे जवळजवळ सूट नसणंच. कमरेच्या वर पाठीत पोकळी राहते का ते आरशात बघा. माझ्या भाड्याच्या सूटमध्ये तिथे तळहात मावायचा आणि प्रत्येक हालचालीला गार पाण्याची लाट पाठीवरून जायची. सूटच्या निओप्रीन रबरामध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. २० मीटरवर एकूण दाब ३ बार होतो, ते बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो, तरंगण्याची ताकदही घटते. नवा सूट मात्र पृष्ठभागावर भलताच तरंगतो. खाली जाण्यासाठी कमरेला शिसं बांधावं लागतं; भाड्याच्या झिजलेल्या ३ मिमीत मला ते ४ किलो पुरायचं, नव्या ५ मिमीत ६ किलो लागलं. सूट बदलला की किती शिसं लागतं याची, म्हणजे वजनाची, चाचणी पुन्हा करायचीच.

आता माझी चूक. बीसीडी, म्हणजे सिलिंडर धरणारं आणि हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणारं जॅकेट, मी कोर्स संपल्यावर पंधरवड्यात घेतलं, मीडियम मापाचं. दुकानात ढगळ, आरामशीर वाटलं. आरामशीर वाटलं हीच चूक होती. माझं वजन ५२ किलो. पाण्यात हवा भरली की जॅकेट वर सरकायचं, खांदे कानापाशी यायचे, सिलिंडर पाठीवर डावीकडे कलंडायचा आणि मी तो सावरण्यासाठी सगळा वेळ एका बाजूनं पाय मारायचे. माझी हवा सगळ्यांच्या आधी संपायची आणि मला वाटायचं की मी घाबरट आहे. नवव्या डाइव्हनंतर इन्स्ट्रक्टरनं मागून काढलेला व्हिडिओ दाखवला. दोष पट्ट्यांचा होता. ते जॅकेट विकलं आणि तीन वेगवेगळी बीसीडी भाड्यानं वापरून मगच मागच्या बाजूनं फुगणारं, खांदा-कमर घट्ट धरणारं लहान मापाचं घेतलं. पृष्ठभागावर ते थोडं पुढे ढकलतं हे खरं आहे. हवा पूर्ण न भरता किंचित मागे रेललं की जमतं. पाण्याखाली मी आता आडवी, स्थिर राहते आणि तिथेच तर आपला वेळ जातो.

बीसीडी घालून बघताना वेटसूटसकट घाला, पूर्ण फुगवा, आणि फासळ्या दाबल्या न जाता खोल श्वास घेता येतो का बघा. तीच वेळ आहे हवा सोडायच्या दोऱ्या डोळे मिटून सापडतात का हे तपासायची. उचलण्याची क्षमता जास्त म्हणजे चांगलं, असं दुकानदार सांगतो. थोडा हिशेब करा. ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर २०७ बारला भरला की आतल्या हवेचं वजन अडीच-पावणेतीन किलो असतं, ते सुरुवातीला बीसीडीला पेलावं लागतं. त्यात सूट दबल्यानं गेलेली तरंगण्याची ताकद मिळवा, डोकं पाण्यावर राहील इतकी वाढ धरा. एका सिलिंडरच्या गरम पाण्यातल्या डाइव्हला प्रचंड पिशवी लागत नाही. हाच सिलिंडर रिकामा होत आला की जवळजवळ दोन किलोंनी तरंगू लागतो, म्हणून वजनाची चाचणी ५० बार उरलेल्या सिलिंडरनं करायची. सिलिंडर आणि शिसं मी घेणार नाही. प्रवासात ते वाहून नेण्यात अर्थ नाही, सिलिंडरच्या ठरावीक मुदतीच्या तपासण्या मागे लागतात त्या वेगळ्याच.

सगळ्यात लहान आणि सगळ्यात जिवाभावाची वस्तू म्हणजे नारिंगी एसएमबी, म्हणजे पाण्याखालून वर सोडायची, हवा भरलेली खुणेची नळी, आणि तिचा दोरीचा स्पूल. बाविसाव्या डाइव्हला प्रवाहानं आम्हाला बोटीपासून लांब नेलं. वर आलो तेव्हा लाटा अर्धा मीटरच्या असतील, पण नाविकाला आमची डोकी दिसत नव्हती आणि आम्हाला त्याची बोट फक्त लाटेच्या माथ्यावर दिसायची. बहिणीनं ५ मीटरवर थांबतानाच नळी सोडली होती. नाविक तिच्याकडे बघूनच आला. दुसऱ्याच दिवशी मी माझी घेतली. स्पूल स्वतःला कधी बांधू नका, दोरी अडकली तर तो हातातून सुटायला हवा. हे आधी उथळ पाण्यात दहा वेळा करून बघा.

चाकू, टॉर्च, पाटी, तऱ्हेतऱ्हेचे हुक यांतलं मी फक्त दोरी कापायचं छोटं कटर घेतलं.

राहिला रेग्युलेटर, जो मी अजून भाड्यानं घेते. त्याला नियमित सर्व्हिसिंग लागतं, आणि ज्या मॉडेलचे सुटे भाग आणि प्रशिक्षित कारागीर सहज मिळत नाहीत तो कितीही चांगला असला तरी घेऊ नये. घेईन तेव्हा बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजचाच (फर्स्ट स्टेज म्हणजे सिलिंडरला जोडला जाणारा भाग) घेईन. त्यात सिलिंडरमधला दाब उतरला तरी श्वास जड होत नाही. योक की डिन, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धतींपैकी कोणती, हा प्रश्न कुठे डाइव्ह करणार यावर ठरतो. योकची मर्यादा २३२ बार, ३०० बारच्या सिलिंडरला डिनच लागतो आणि डिनवर ॲडॉप्टर लावून योकचं काम भागवता येतं. मी डिनकडे झुकले आहे. तोवर माझ्या पिशवीत स्वतःचा लहान मापाचा माउथपीस आणि प्लॅस्टिकचे दोन बंद असतात. मोठा माउथपीस चावून माझा जबडा दुखायचा, तो बदलायला दोन मिनिटं लागतात. मग गेजवर नजर ठेवून चार खोल श्वास घेते. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकला तर सिलिंडरची व्हॉल्व्ह पुरती उघडलेली नाही, किंवा हवेची वाट कुठेतरी तुंबली आहे. एकदा तसा झुकला होता. सेट परत केला, दुसरा घेतला, आणि डाइव्ह वीस मिनिटं उशिरा सुरू झाली.