जुळे सोलापुरातलं पाळणाघर, दीड वर्षाचा अनुभव

माझी मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे, दीड वर्ष झालं इथं येतेय. नवीन आईबाप सारखं विचारतात म्हणून एकदा सविस्तरच लिहिते.

आम्ही दोघं नोकरीवाले, सासूबाई बार्शीला. आधी दुसऱ्या एका ठिकाणी ठेवलं होतं, तिथं टीव्ही दिवसभर चालू आणि पोरगी गप्प बसायची म्हणून आम्हाला पण बरं वाटायचं. दोन वर्षांची झाली तरी सात-आठ शब्दांच्या पुढं जाईना. डॉक्टरांनी कान तपासायला लावले, ते नॉर्मल निघाले, मग त्यांनी विचारलं दिवसभर हिच्याशी बोलतं कोण? आम्ही एकमेकांकडं बघत बसलो. 2 वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि पुढं 4 वर्षांपर्यंत दिवसाला 1 तासाच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 लाच सांगितलंय, हे मला तेव्हा कळलं.

इथं टीव्हीच नाही. पहिल्या आठवड्यात मी लवकर न्यायला गेले तर मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या, ही शेजारी. हिनं एक शेंग कानाशी धरून हलवली, खुळखुळ वाजली. मावशींनी हातातलं काम ठेवलं आणि विचारलं, "काय वाजलालंय गं आत?" आणि थांबल्या, चांगल्या थांबल्या, मी असते तर दाणा म्हणून सांगून मोकळी झाले असते. ही म्हणाली, "बाळ." "किती बाळं?" मग दोघींनी मिळून शेंग फोडली. (दाणे मात्र खायला देत नाहीत, एवढ्या लहान पोरांच्या घशात अडकतात, कूट करून भातावर घालतात. हे बघून माझा जीव खरंच निवांत झाला.)

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ 6 वर्षांच्या आत होते. पण ती वाढ होते कशानं, तर मूल काहीतरी करतं, मोठं माणूस त्याला उत्तर देतं, मूल परत काहीतरी म्हणतं, हे दिवसातून शंभरदा होण्यानं. महागडी खेळणी लागत नाहीत त्याला. मावशी शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलतात, त्यामुळं आमची आता पाण्याला नीळ्ळू पण म्हणते आणि आजीला मराठीत समजावून पण सांगते.

मारणं, कोंडणं, बागुलबुवा, काही नाही. हिनं एका मुलाला चावलं होतं तेव्हा मावशी आधी त्या मुलाजवळ गेल्या, मग हिला मांडीवर घेऊन म्हणाल्या राग आला होता ना, पण चावायचं नाही, त्याला दुखतं. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनी संध्याकाळी आम्हाला पण तसंच बोलायला सांगितलं, घरी एक आणि इथं एक चालत नाही म्हणाल्या. महिन्याच्या मीटिंगला वडिलांनी पण यायलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो, आमच्या ह्यांनी पहिले दोन महिने टाळलं, आता रोज झोपताना गोष्ट तेच सांगतात.

तक्रारी आहेत. इन्व्हर्टर नाही, एप्रिल-मे मध्ये लाईट गेली की सोलापूरच्या उन्हात पोरं अक्षरशः उकडून निघतात, दोनदा सांगितलं, अजून बसवला नाही. सहाच्या पुढं एक मिनिट पण थांबत नाहीत, बँकवाल्यांना अवघड आहे.

बघायला जायचं तर दुपारी चारनंतर जा, पोरं झोपून उठलेली असतात. फी नंतर विचारा, आधी दहा मिनिटं कोपऱ्यात उभं राहून मावशी पोरांशी कशा बोलतात तेवढं ऐका.