मानेवरचा मस काढायचाय: दोरा, कात्री, कॉटरी की क्रायो?

ठाण्याहून वाशीची लोकल पकडताना माझं मंगळसूत्र मानेवरच्या मसात अडकलं आणि रक्त आलं. तेव्हा कुठे तो काढायचं मनावर घेतलं.

आधी एक घोळ निस्तरू. मऊ, देठावर लोंबणारा मस आणि खरखरीत, टणक पुटकुळी, दोन्हींना आपण सर्रास चामखीळ म्हणतो. पण खरखरीत असते ती विषाणूमुळे होते आणि पसरते. तिचे उपचार वेगळे. लोंबणारा मस निरुपद्रवी असतो, त्रास नसेल तर तसाच राहू दिला तरी चालतो. रंग बदलणारं, आपोआप रक्त येणारं, भराभर वाढणारं काही असेल तर मात्र डॉक्टरांनी बघेपर्यंत हात लावू नका.

आमची आजी मसाला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची. मी शिलाईचा दोरा बांधला. रक्तपुरवठा तुटला की मस काळा पडून गळतो, हे खरं. माझी गाठ सैल बसली. तिसऱ्या दिवशी मस टपोरा, जांभळा, ठणकणारा; उशीवर मान टेकवेना. चुना-सोडा आणि ऑनलाइन मिळणारे थेंब त्याहून वाईट, कारण ते मसाबरोबर शेजारची कातडीही भाजतात. घरी मस काढायच्या अशा एकाही औषधाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, मान्यता दिलेली नाही.

डॉक्टरांकडे गेलात तर बारीक देठाच्या दोन-चार मसांना माझं मत कात्रीला. चिमट्याने उचलून देठाशी कट् करतात, अगदी लहान असेल तर भूलही लागत नाही. शिवाय शंका आली तर तुकडा तपासायला पाठवता येतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

मानेभर पंधरा-वीस असतील तर कॉटरी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या टोकाने मस जाळणं, सोयीची. सुन्न करणारं मलम लावून तासभर बसवतात, मग चर्र आवाज आणि जळका वास. खपली आठवडा-दहा दिवसांत पडते. ती नखाने काढलीत तर सावळ्या कातडीवर काळा डाग राहू शकतो. पेसमेकर असलेल्यांनी ते आधीच सांगावं.

क्रायोत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन लावून मस गोठवतात. पण कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीने लवकर मरतात, त्यामुळे आपल्यासारख्या रंगावर पांढरट ठिपका राहायची भीती. मानेसाठी मी हा पर्याय शेवटी ठेवीन. लेझरने काम तेच होतं, बिल वाढतं. पापणीवरचा मस डोळ्यांच्या डॉक्टरांनाच दाखवा. आणि पार्लरमध्ये ‘लगेच काढून देते’ म्हणणाऱ्या ताईंना गोड बोलून नाही म्हणा.

खर्चाचं म्हणाल तर खासगी दवाखान्यात दर नगावर की बैठकीवर, हे खुर्चीत बसण्याआधी विचारा. खर्च परवडत नसेल तर कळव्याचं ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

माझ्या मसाची कात्री अर्ध्या मिनिटात आटोपली. डॉक्टरीणबाईंचा वेळ गेला तो मानेवरच्या वळ्या बघण्यात. तिथली कातडी काळी, मखमलीसारखी जाड झाली होती. मी ती मळ समजून घासत होते. त्यांनी चिठ्ठीवर मलमाच्या वर लिहिलं: उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. अशी काळी कातडी मधुमेहाची चाहूल असू शकते.