बॅकस्लॅशमध्ये अडकलेलं जळगाव: पायथनमध्ये एस्केप केलेला मजकूर कशाने सोडवावा?

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी खरेदीच्या नोंदी एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्या फाइलीत जळगाव असं दिसलं: \यू०९१सी\यू०९३३\यू०९१७\यू०९३ई\यू०९३५. (इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, फाइलीत ती अक्षरं आणि अंक इंग्रजी असतात.) अक्षराच्या जागी असा बॅकस्लॅश आणि त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक लिहिणं म्हणजे एस्केप करणं. या क्रमांकाला मी पुढे यू-कोड म्हणतो. दोन दिवसांत मला ०९३३ हा आकडा तोंडपाठ झाला. तो आपला ळ. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव आणि खुद्द केळी, सगळीकडे तो आहे. आपल्या भागाचा मजकूर नीट सुटला की नाही, हे ळ बघितला की लगेच कळतं.

तुमच्यासमोरही अशी फाइल असेल आणि ती कशाने सोडवावी हे ठरवायचं असेल, तर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पाच रस्ते दिसतील: इव्हॅल, लिटरल-इव्हॅल, युनिकोड-एस्केप कोडेक (मजकुराचं रूपांतर करणारा तयार भाग), जेसन-लोड्स (जेसन, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देतात ती लिखाणपद्धत, वाचणारं) आणि हाताने लिहिलेला पार्सर (मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम). मी हे पाचही वापरून झालोय. पहिल्या ओळीवर पाचही सारखंच उत्तर देतात, म्हणूनच निवड चुकते.

निवडण्याआधी एक चौकशी करा: हा मजकूर एस्केप कोणी केला? बॅकस्लॅशचे नियम सगळीकडे सारखे नसतात. जेसनचे वेगळे, पायथनचे वेगळे. आपल्याकडे येणारा बहुतेक माल जेसनचा असतो, कारण पायथनचं जेसन-डम्प्स सांगितलं नाही तर प्रत्येक मराठी अक्षराचं यू-कोडमध्ये रूपांतर करतं. फाइल तयार करणारा प्रोग्रॅम तुमच्याच हातात असेल, तर तिथे ‘एन्शुअर-आस्की’ला (आस्की म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं) ‘फॉल्स’ द्या. निदान देवनागरी यू-कोडमध्ये अडकायची थांबेल. फाइल बाहेरून येत असेल तर पुढे वाचा.

इव्हॅलबद्दल थोडक्यात सांगतो. ते मजकूर सोडवत नाही, चालवतं. शेऱ्याच्या रकान्यात कोणी ‘ओएस’ मॉड्यूल बोलावून फाइली पुसायची आज्ञा लिहिली, तर इव्हॅल ती पाळेल. आतली फंक्शनं बंद करून ते सुरक्षित करता येतं असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. ती कुंपणं ओलांडायच्या वाटा लोकांनी कधीच शोधून ठेवल्यात. जावास्क्रिप्टमध्येही एके काळी जेसन वाचायला इव्हॅल वापरायचे, पुढे भाषेतच जेसन-पार्स आलं. बाहेरून आलेल्या मजकुरासाठी इव्हॅल यादीतून काढून टाका, म्हणजे चार उरले.

लिटरल-इव्हॅल आणि जेसन मॉड्यूल, दोन्ही २००८ साली पायथन २.६ मध्ये एकत्रच आले. लिटरल-इव्हॅल कोड चालवत नाही. स्ट्रिंग, आकडे, याद्या, डिक्शनऱ्या अशा साध्या गोष्टी तेवढ्या वाचतं. त्यामुळे लोक त्याला सरसकट सुरक्षित म्हणतात. ते इव्हॅलपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे हे खरं, पण मुद्दाम रचलेला छोटासा मजकूरही मेमरी किंवा स्टॅक संपवून प्रोग्रॅम पाडू शकतो, असा इशारा पायथनच्याच दस्तऐवजात आहे. लांबीची मर्यादा आधी घालून घ्या.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. लिटरल-इव्हॅलला स्ट्रिंग अवतरण चिन्हांसकट लागते. आपल्याकडचा मजकूर बहुतेक वेळा नुसताच असतो, म्हणून लोक दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरण चिकटवून तो आत ढकलतात. आता आपल्या कारकुनांची सवय आठवा. वरच्या ओळीसारखंच असेल तर ते दोन टिंब-रेघा मारतात, म्हणजे फाइलीत दोन दुहेरी अवतरणं. ‘सावदा "" कांदेबाग’ (गाव, खूण आणि केळीचा हंगाम) या शेऱ्याभोवती अवतरणं लावली की पायथनला शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन स्ट्रिंगा दिसतात. त्या तो मुकाट्याने जोडतो. वरीलप्रमाणेची खूण गेली, चूक दाखवली नाही, कोणाला कळलंही नाही. मध्ये स्वल्पविराम असता, तर स्ट्रिंगच्या जागी दोघांचा टपल (पायथनमधला मूल्यांचा संच) हातात आला असता. अशा मूक चुकीला मी सर्वात जास्त भितो, कारण ती हिशेबाच्या दिवशी सापडते.

दुसरी गोष्ट बिल नंबरांची. तिरक्या रेघेच्या जागी बॅकस्लॅश मारणारे भरपूर आहेत. इंग्रजी अंकांत ‘२४\१२’ लिहिलं असेल, तर पायथनच्या नियमात बॅकस्लॅशपुढचे १२ हे अष्टमान पद्धतीतले आकडे ठरतात आणि त्याचा अर्थ होतो नवी ओळ. बिल नंबर चोविसावर तुटतो. विंडोजच्या फोल्डरचा पत्ता असेल आणि त्यात बॅकस्लॅशनंतर मोठ्या यूने सुरू होणारं ‘यूजर्स’ असेल, तर मात्र चूक दिसते, कारण मोठ्या यूपुढे पायथनला आठ आकडे हवे असतात. ओळखीचं नसलेलं एस्केप पायथन तसंच ठेवतो. ३.६ पासून त्यावर जुजबी इशारा यायचा, ३.१२ पासून तो उघड दिसतो, पण काम थांबत नाही.

तरी एका ठिकाणी लिटरल-इव्हॅलला पर्याय नाही: फाइल पायथनच्याच ‘रेप्र’ने (मूल्य कोडमध्ये लिहितात तसं छापणारं फंक्शन) लिहिली असेल तिथे. कोणी यादी किंवा डिक्शनरी जशीच्या तशी छापून ठेवली की हेच होतं. एकेरी अवतरणं दिसली की ओळखा. पायथन ३ चं रेप्र देवनागरी अक्षरं तशीच ठेवतं, पण न दिसणारी चिन्हं एस्केप करतं. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द काही कीबोर्ड र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह अशा क्रमाने टाइप करतात. ते चिन्ह म्हणजे यू २००डी. रेप्रमध्ये या शब्दाच्या पोटात \यू२००डी उगवतं आणि आजूबाजूची अक्षरं मराठीच राहतात. असा मिश्र मजकूर लिटरल-इव्हॅल अचूक सोडवतं. पुढचा गडी नेमका तिथेच घात करतो.

हा गडी म्हणजे युनिकोड-एस्केप कोडेक. शोधलं की सगळ्यात आधी हाच उपाय सापडतो आणि एका ओळीत होतो: मजकूर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) एन्कोड करा, युनिकोड-एस्केपने डिकोड करा. मीही तेच केलं होतं. सुरुवातीच्या ओळींत सगळी नावं यू-कोडमध्ये होती, ती सुंदर सुटली, मी खूश झालो. खालच्या ओळी दुसऱ्या केंद्रातून आलेल्या होत्या आणि त्यात गावांची नावं सरळ मराठीत होती. यादी गेली आणि फोन आला: ‘भो, ही नावं कोणत्या भाषेत आहेत?’ त्या यादीवरून शेतकऱ्यांचे पैसे निघणार होते. कार्यालयाने ती थांबवली म्हणून निभावलं.

झालं होतं ते असं. हा कोडेक आत आलेला प्रत्येक बाइट लॅटिन-१ चं (एका बाइटला एक अक्षर मानणारी जुनी युरोपीय पद्धत) अक्षर समजतो. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे एका ळच्या जागी तीन परकी चिन्हं, तीही चूक न दाखवता. यावर एक तोडगा फिरतो: आधी लॅटिन-१ मध्ये एन्कोड करा आणि न मावणारी अक्षरं ‘बॅकस्लॅश-रिप्लेस’ने यू-कोडमध्ये बदला, मग सोडवा. तो बहुतेक ठिकाणी चालतो. पण बिल नंबर मराठी अंकांत ‘२४\१२’ असा असेल तर? मूळ बॅकस्लॅशला चिकटून नवा बॅकस्लॅश येतो, दोघांची जोडी मिळून एकच बॅकस्लॅश उरतो आणि १ च्या जागी यू०९६७ हे उघडं पडतं. म्हणजे इंग्रजी अंकांत नंबर तुटतो, मराठी अंकांत त्याचा कोड दिसतो. मराठी माणसाच्या फाइलीसाठी हा कोडेक मी आता हातात घेत नाही. निव्वळ आस्की मजकूर असेल, लिहिणारा प्रोग्रॅम पायथनचा असेल, आणि दोन्हीची खात्री असेल, तर वापरा.

जेसन-लोड्सकडे मी उशिरा वळलो, याचं वाईट वाटतं. जेसनची एस्केप मोजकी आहेत: दुहेरी अवतरण, बॅकस्लॅश, तिरकी रेघ, बी, एफ, एन, आर, टी, आणि यूपुढे चार आकडे. संपलं. बॅकस्लॅशपुढे इंग्रजी १२ आले तर जेसन साफ नाकारतं. अवतरणांत गुंडाळलेल्या मजकुरात वरीलप्रमाणेची खूण आली तर ‘जास्तीचा मजकूर आहे’ अशी चूक दाखवतं. लिटरल-इव्हॅल जिथे गप्प राहतं तिथे हे ओरडतं. पैशाच्या नोंदींना मला ओरडणाराच हवा. सरळ मराठी आणि यू-कोड एकत्र असले तरी त्याला काही होत नाही.

आणि इमोजी. व्यापारी मंडळी निरोपात केळ्याचं चित्र हमखास टाकतात. त्याचा कोड १एफ३४सी, पाच आकडी. जेसनच्या यूपुढे चारच मावतात, म्हणून तो दोन अर्ध्यांत येतो: डी८३सी आणि डीएफ४सी. जेसन-लोड्स दोन्ही अर्धे जोडून एक अक्षर देतं. लिटरल-इव्हॅल आणि युनिकोड-एस्केप त्यांना सुटेच ठेवतात. त्या वेळी काही कळत नाही. ती स्ट्रिंग यूटीएफ-८ फाइलीत लिहायला गेलात की प्रोग्रॅम कोसळतो, आणि आपण दोष शोधत बसतो लिहिण्याच्या ओळीत.

जेसनचा जाच एकच. मोबाइलवरून चिकटवलेल्या शेऱ्यात खरीखुरी नवी ओळ किंवा टॅब असेल तर ते अडतं. ‘स्ट्रिक्ट’ला ‘फॉल्स’ दिलं की ते अडत नाही. एकेरी अवतरणवालं पायथनी लिखाण त्याला चालत नाही. ‘रिप्लेस’ने एकेरीची दुहेरी करून ते जेसनमध्ये कोंबणारे मी पाहिलेत. शेऱ्यात कुठे एखादं एकेरी चिन्ह आलं की सगळं बिघडतं. तिथे मुकाट्याने लिटरल-इव्हॅल घ्या.

उरला हाताने लिहिलेला पार्सर. मजकूर ना पूर्ण जेसनचा, ना पायथनचा, एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच नियमाने लिहिलेला असेल, तर हाच रस्ता. वीसेक ओळींत होतो. पण एकामागे एक ‘रिप्लेस’ लावून करू नका. ‘डी’ ड्राइव्हमधल्या ‘न्यू’ फोल्डरचा पत्ता एस्केप केला की दोन बॅकस्लॅश आणि त्यापुढे एन, असं होतं. आधी बॅकस्लॅश-एन बदला किंवा आधी दुहेरी बॅकस्लॅश बदला, कोणत्याही क्रमाने पत्त्याच्या मधोमध नवी ओळ घुसते. डावीकडून उजवीकडे एकदाच जायचं: साधं अक्षर आलं तर उचला, बॅकस्लॅश आला तर पुढचं अक्षर बघून ठरवा, आणि दोघांना मागे टाकून पुढे व्हा. ओळखीचं नसेल तर ओळ क्रमांकासकट चूक दाखवा. इमोजीचे दोन अर्धे जोडायचं कामही आता तुमचंच, हे विसरू नका.

रस्ता कोणताही घ्या, सोडवणं एकदाच करा. बॅकस्लॅश संपेपर्यंत फिरत राहणारा लूप मी एका प्रोग्रॅममध्ये पाहिला. मूळ मजकुरात मुद्दाम ठेवलेला बॅकस्लॅशही तो खातो. फाइल दोनदा जेसन झालेली असेल तर दोनदा सोडवा, पण ते मोजून. आणि तपासणी सोडवल्यानंतर करा. लहान-पेक्षा चिन्ह \यू००३सी असं लिहिलं तर आधीच्या गाळणीतून सहज निसटतं आणि सोडवल्यावर वेब पानात जिवंत टॅग होऊन बसतं. डेटाबेसमध्ये टाकताना मूल्यं वेगळी पाठवा, आज्ञेच्या वाक्यात जोडू नका.

सफाई करतानाही जपा. ‘न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाका’ असा नियम इंग्रजीत खपतो. आपल्याकडे तो यू २००डी खातो आणि ‘शेतकऱ्यांना’मधला तो चंद्रकोरीसारखा र जाऊन भलताच रफार उमटतो. शून्य क्रमांकाचं चिन्ह काढा, लिखाणाची दिशा उलटवणारं २०२ई काढा, २००डी मात्र राहू द्या.

आता माझ्याकडच्या कामात असं ठरलंय: केंद्रांकडून येणारं सगळं जेसन-लोड्सने वाचायचं, नाकारलेल्या ओळी वेगळ्या फाइलीत टाकून त्या केंद्राला परत विचारायच्या. जुन्या पायथनी याद्यांना लांबी तपासून लिटरल-इव्हॅल. एका जुन्या काटा-पावती सॉफ्टवेअरपुरता हाताचा पार्सर. तुम्ही निवडाल त्या रस्त्यावर आधी या सहा ओळी चालवून बघा: यू-कोडमधलं भुसावळ, सरळ मराठीतलं भुसावळ, दोन्ही प्रकारच्या अंकांतला ‘२४\१२’, ‘सावदा "" कांदेबाग’, अदृश्य चिन्हासह ‘शेतकऱ्यांना’, आणि दोन अर्ध्यांतलं केळं. जिथे उत्तर चुकेल तिथे चूक ओरडून सांगितली गेली की गप्प गिळली गेली, ते शेजारी लिहून ठेवा.