डॉइचलांडटिकेट: जर्मनीत ताईकडे राहायला जाणार असाल तर

बहीण किंवा भाऊ जर्मनीत नोकरीला आहे आणि तीन-चार आठवडे त्यांच्याकडे मुक्काम ठोकायचाय, तर विमानाच्या तिकिटाखालोखाल डॉइचलांडटिकेट हा रेल्वे-बसचा पास हीच कामाची खरेदी. ताई सोमवार ते शुक्रवार ऑफिसला, तुम्ही एकटे फिरणार, आणि दर वेळी तिकिटाच्या मशीनपुढे उभं राहून भाड्याचे झोन मोजण्यात काही मजा नाही.

आपल्या लोकलच्या पासासारखाच हा मासिक पास, फक्त देशभर चालतो. १ मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ चा झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो पडतात. त्यात बस, ट्राम, मेट्रो म्हणजे ऊ-बान, उपनगरी एस-बान आणि आरबी-आरई या प्रादेशिक गाड्या येतात, सगळं सेकंड क्लासने. आयसीई, ईसी आणि फ्लिक्सट्रेन या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. आयसी ही लांब पल्ल्याची गाडीसुद्धा मोजके मार्ग सोडले तर नाहीच. जर्मन रेल्वेच्या डीबी नाविगेटर ॲपमध्ये फक्त या तिकिटावर चालणाऱ्या गाड्या दाखवायची सोय आहे. ती आधी सुरू करा, मगच बेत आखा.

खरी गोम खरेदीत आहे. ही वर्गणी आहे, आपोआप पुढे चालू राहते. चालू महिन्याअखेर बंद करायची असेल तर नियमाप्रमाणे त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते. पाहुणे ११-१२ तारखेला घेतात, महिनाअखेर बंद होईल असं धरून चालतात आणि पुढच्या महिन्याचेही ६३ युरो ताईच्या खात्यातून जातात. शिवाय महिना म्हणजे १ तारखेपासून अखेरपर्यंत. १८ ला उतरून पुढच्या १५ ला परतणार असाल तर हिशेब १२६ युरोंचा. काही वाहतूक कंपन्या पहिल्या महिन्याचे उरलेल्या दिवसांपुरतेच पैसे घेतात, तेव्हा कुठल्या ॲपवरून घेताय ते पाहा. विमानाच्या तारखा हातात असतील तर महिन्याच्या सुरुवातीला उतरणं सगळ्यात स्वस्त.

पैसे बहुधा युरोपातल्या बँक खात्यातून थेट कापले जातात, म्हणून खरेदी ताईच करणार. तिथे एक चूक हमखास होते: ॲप तिचंच नाव भरतं. हे तिकीट एका माणसाच्या नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा प्रवासी म्हणून तुमचं नाव, पासपोर्टवर आहे तसंच. टीसी ओळखपत्र मागतो, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट तुमच्याच फोनवर ॲपमध्ये उघडलं पाहिजे. विनातिकीट सापडलात तर दंड ६० युरो. पॉवर बँक त्यापेक्षा स्वस्त.

म्युनिकला राहणाऱ्यांची तर चंगळ आहे. न्यूर्नबर्गला आरईने पावणेदोन तास (आयसीई तासाभरात नेते, पण वेगळे पैसे). फ्युसेनला सुमारे दोन तास, तिथून नॉयश्वानस्टाइन किल्ल्याच्या पायथ्याची बसही यातच. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्गसुद्धा मुख्य स्टेशनपर्यंत चालतं, पुढे शहरातल्या बसचं तिकीट वेगळं. सीमेवर तपासणी होते, पासपोर्ट घरी ठेवू नका. आणि एस१ या एस-बानने विमानतळावर जाताना डबा बघून बसा: नॉयफार्नला गाडी दुभंगते, मागचा भाग विमानतळाला जातो, पुढचा फ्रायझिंगला. पुढे बसलेल्यांची विमानं चुकतात.

म्युनिकहून बर्लिनला मात्र याच तिकिटावर जायचा हट्ट धरू नये. आयसीईला चार-साडेचार तास लागतात तिथे या गाड्यांनी नऊ-दहा तास जातात, आणि तीन-चार वेळा गाडी बदलताना एखादी चुकतेच. लांबच्या शहरासाठी आयसीईचं झुपर-श्पारप्राइस हे स्वस्त तिकीट आधी काढावं. ते त्याच ठरलेल्या गाडीपुरतं असतं.

दोन्ही तिकिटं जोडून प्रवास करताना लोक फसतात ते इथे. समजा ताईच्या गावाहून मुख्य स्टेशनपर्यंत डॉइचलांडटिकेटवर आलात, ती गाडी उशिरा आली आणि आयसीई सुटली. दोन तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार, त्यामुळे पुढची आयसीई फुकट मिळण्याचा हक्क राहत नाही, नवं तिकीट काढावं लागतं. एरवी गाडी उशिरा असेल तर आयसीईने जायची जी मुभा इतर तिकिटांना मिळते, तीही या पासाला नाही. तासाभराच्या उशिराची भरपाई दीड युरो, आणि चार युरो जमल्याशिवाय तेही हातात पडत नाहीत. म्हणून आयसीईच्या निदान तासभर आधी मुख्य स्टेशनवर पोचेल अशी गाडी धरा. तेच जमत नसेल तर ताईच्या स्टेशनपासूनच एकच सलग तिकीट काढा, थोडे पैसे जास्त गेले तरी.