कड्यावर वाइड की टेलि? सह्याद्रीतल्या निसर्गफोटोंसाठी लेन्सची निवड

कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सवर वर्ष-दोन वर्षं काढली, आता एक चांगली लेन्स घ्यायची आहे आणि बजेट एकीचंच आहे. मग १६-३५ एमएमची वाइड (रुंद दृश्य मावणारी) घ्यावी की ७०-२०० एमएमची टेलि (लांबचं जवळ आणणारी)? हे आकडे फोकल लेंग्थचे; आकडा लहान तितकं दृश्य रुंद. ट्रेकला कॅमेरा नेणाऱ्या बहुतेकांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो. निसर्गफोटो म्हटलं की वाइड, हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. माझं मत वेगळं आहे. तुमची भटकंती मुख्यतः गडकिल्ल्यांवर असेल तर आधी टेलि घ्या. ओढे, धबधबे, घळी, कातळ यांत रमत असाल तर वाइड. फोटो काढताना तुमच्या पायापुढे काय असतं, जमीन की दरी, यावर हे ठरतं.

(वेगळं सांगितलं नसेल तर पुढचे आकडे फुलफ्रेमचे, म्हणजे ३६ बाय २४ मिलीमीटर सेन्सरच्या कॅमेऱ्याचे आहेत. क्रॉप सेन्सर (त्याहून लहान, एपीएस-सी) असेल तर लेन्सवरचा आकडा दीडने गुणा, कॅननला १.६ ने. म्हणजे १८-५५ ची किट लेन्स साधारण २७-८२ होते.)

राजगडाच्या संजीवनी माचीवरून समोर तोरणा दिसतो. सरळ रेषेत अंतर सात-एक किलोमीटर, तोरण्याची पायथ्यापासूनची उंची सातशे मीटरच्या आसपास. हिशेब करून बघा. १६ एमएमला तो अख्खा तोरणा सेन्सरवर जेमतेम दीड मिलीमीटर उंचीचा उमटतो आणि सेन्सरची उंची असते २४ मिलीमीटर. डोळ्यांत भरलेला डोंगर फोटोत मुंगीएवढा का झाला, याचं उत्तर या दीड मिलीमीटरमध्ये आहे. ७० ला तोच सात मिलीमीटर होतो आणि २०० ला वीस, म्हणजे फ्रेम भरून. बरं, वाइडमध्ये मोठं दिसायला पुढे जावं, तर पुढे दरी आहे. खाली एखादं झुडूप नाहीतर तटाचा दगड मिळाला तर फोरग्राउंड (फोटोतला जवळचा भाग), नाहीतर फ्रेमचा खालचा अर्धा भाग नुसती धुरकट पोकळी.

३५ ने काढून नंतर क्रॉप करू, असं बरेच जण म्हणतात. डोंगरांच्या एकामागे एक लागलेल्या घड्या क्रॉपमध्येही तशाच येतात, हे खरं आहे. त्या तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतात, लेन्सवर नाही. पण ३५ च्या फ्रेममधून २०० एवढा तुकडा कापला तर २४ मेगापिक्सेलमधले पाऊण मेगापिक्सेलसुद्धा उरत नाहीत. भिंतीवर लावायचा प्रिंट त्यातून निघणार नाही.

आता हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. इथे वाइडला तोड नाही. कडा आत वळलेला, पश्चिमेकडे तोंड केलेला. त्याची ती कमान हाच विषय असतो आणि काठावर उभे असताना तुम्ही त्या कमानीचाच भाग असता. २४ एमएम आडवं सुमारे ७४ अंश बघते, १६ एमएम ९७. या फरकात कमानीचं दुसरं टोक फ्रेममध्ये येतं किंवा राहतं. जवळची कातळकड आपसूक फोरग्राउंड होते. वाइड नसेल तर कॅमेरा उभा धरून ३५ ने पाच-सहा फ्रेम, प्रत्येकीत तिसरा हिस्सा एकावर एक येईल अशा, काढून जोडता येतात. वारं असेल आणि दरीतून ढग वर येत असतील तर जोड नीट बसत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. आणि सूर्य टेकल्यावर, कोकणात उतरणाऱ्या सोंडा निळ्या पडू लागल्या, की त्याच जागी मी १६-३५ काढून ७०-२०० लावतो. कोकणकड्यावरचे मला आवडलेले बरेचसे फोटो त्या अर्ध्या तासातले आहेत.

सांधण दरीत उलट. दोन्ही बाजूंना कातळभिंती, मध्ये चिंचोळी वाट, मागे सरकायला जागा नाही. तिथे टेलि सॅकमधून बाहेरही येत नाही. पावसाळी ओढ्यांचंही तसंच. पाण्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यापासून दोन फुटांवर बसलात की १६ एमएम त्या धोंड्याला मोठं करते आणि मागचा धबधबा जागच्या जागी ठेवते. खोली येते ती यातून. वाइड ही जवळ जाण्याची लेन्स आहे. ‘सगळं मावतं’ म्हणून ती घेतली तर निराशा ठरलेली.

साताऱ्याजवळच्या कास पठाराबद्दल माझं मत बदललं. आधी वाटायचं, फुलांचं पठार म्हणजे वाइडचंच काम. पण फुलांत पाय ठेवायला तिथे मनाई आहे, आणि असायलाच हवी. फुलं ठेंगणी. वाटेवर उभं राहून १६ एमएमने काढलं की गालिचा विरळ दिसतो, मधली माती आणि खडक उघडे पडतात. त्याच वाटेवर खाली बसून १५० किंवा २०० ने बघा. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा पट्टा एकमेकांवर चढतात आणि गालिचा खरोखर गालिचा होतो. वाटेच्या कडेलाच सीतेच्या आसवांच्या जांभळ्या फुलांचा झुबका मिळाला तरच वाइड.

फोकसच्या बाबतीत वाइड फारच सोपी. १६ एमएम, एफ/११ अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र), फोकस ८० सेंटीमीटरवर ठेवला की ४० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. ७० एमएमला त्याच अॅपर्चरवर फोकस १५ मीटरवर ठेवावा लागतो आणि २०० ला थेट १२० मीटरवर. तेव्हा साठ मीटरच्या अलीकडचं सगळं पुसट होणार. म्हणजे टेलिने तटबंदी आणि मागचा डोंगर दोन्ही एकाच फ्रेममध्ये कातीव हवे असतील तर दोन वेगळे फोकस घेऊन फोटो जोडावे लागतात. शिवाय कड्यावरच्या वाऱ्यात २०० एमएम ट्रायपॉडवरही हलते. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला सॅक अडकवा, पण जमिनीला टेकेल अशी. लोंबकळती सॅक वाऱ्याने झोके घेते आणि उलट त्रास देते.

टेलिची आणखी एक अडचण म्हणजे हवा. मार्च ते मे धुरकटपणा इतका असतो की लांबचे डोंगर राखाडी कागदासारखे दिसतात आणि ऊन चढलं की थरथरतात. टेलिचे दिवस म्हणजे पावसाची उघडीप आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या पहाटा, दरीत धुकं भरलेलं असताना. पावसाळ्यात पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची चकाकी काढतो आणि ओढ्याजवळ वाइडवर छान चालतो. मात्र फ्रेममध्ये निळं आकाश आलं की १६ एमएमवर मध्येच गडद पट्टा उमटतो.

वजनाचा विचार नक्की करा, कारण दुसऱ्या दिवशी खांद्यांना कळतं. कॅननची ईएफ १६-३५ एफ/४ आहे ६१५ ग्रॅम, ७०-२०० एफ/४ ची दुसरी आवृत्ती ७८० ग्रॅम. त्याच ७०-२०० ची जास्त प्रकाश घेणारी एफ/२.८ दीड किलोच्या घरात जाते. निसर्गफोटो तुम्ही एफ/८ ते एफ/११ वर काढणार, तर त्या जादा काचेचं ओझं आणि किंमत कशाला? क्रॉप सेन्सरवाल्यांना तर फारच स्वस्तात सुटका आहे. ईएफ-एस १०-१८ फक्त २४० ग्रॅमची आणि ५५-२५० एसटीएम ३७५. दोन्ही मिळून एका मोठ्या लेन्सएवढं वजन. वापरलेल्या चांगल्या स्थितीतल्याही मिळतात, फक्त आत बुरशी नाही ना ते टॉर्च मारून बघा. आपल्या पावसाळी हवेत बुरशी लवकर धरते.

मधली २४-१०५ किंवा २४-१२०? जुलै-ऑगस्टमध्ये मी तीच एकटी नेतो. पावसात लेन्स बदलण्याची वेळच येऊ नये, एवढं एक कारण पुरे. आणि मधल्या फोकल लेंग्थला कमी लेखू नका. अमेरिकी निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचा १९४१ सालचा हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो ८ बाय १० इंची निगेटिव्हवर २३ इंची लेन्सने काढलेला आहे. आजच्या फुलफ्रेमवर ते साधारण ७५ ते ८० एमएम होतं.

टेलिच्या बाजूने एक साधी गोष्ट राहिली. तुमच्या खिशातल्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४-२६ एमएमच्या आसपास असतो आणि बऱ्याच फोनमध्ये त्याहून वाइडही असते. कोकणकड्याची आठवण फोन बऱ्यापैकी सांभाळेल. राजगडावरून दिसणारा तोरणा मात्र त्याच्या हाती लागत नाही.

तरीही मन ठरत नसेल तर गेल्या वर्षातले तुमचे आवडते पन्नास फोटो उघडा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ बघा. किट लेन्सच्या १८ वर अडकलेले जास्त की ५५ वर, आणि ५५ वाल्यांतले किती नंतर क्रॉप केलेत, ते मोजा. मग पुण्या-मुंबईत भाड्याने लेन्स मिळतात, त्यातली ७०-२०० एफ/४ डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारसाठी घ्या, राजगडाच्या पायथ्याशी मुक्काम करा आणि पहाटेच निघून बालेकिल्ला गाठा.