सिंगल नीडल की डॉटवर्क?

टॅटू काढायचं पक्कं झालंय, फोनमध्ये शे-दोनशे फोटो साठलेत आणि गाडी सिंगल नीडल (एकाच बारीक सुईच्या रेघा) आणि डॉटवर्क (ठिपक्यांनी भरलेली नक्षी) या दोन शैलींपाशी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. माझ्या डाव्या मनगटावर सिंगल नीडल आहे, उजव्या हातावर कोपराखाली डॉटवर्क.

सिंगल नीडल म्हटलं की लॉस एंजेलिसचा टॅटू आर्टिस्ट डॉक्टर वू आठवतो. केसासारख्या रेघा, नेमकी वर्तुळं आणि भोवती भरपूर मोकळी त्वचा. हे काम इन्स्टाग्रामनेच जन्माला घातलंय असं वाटतं, पण मूळ जुनं आहे. चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, कैद्यांनी तुरुंगात जुगाडाने बनवलेल्या एका सुईच्या मशीनवर हा हात घडला. १९७५मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये उघडलेल्या 'गुड टाइम चार्लीज'ने तो दुकानात आणला. ताजं असताना याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही, हे मी आजही मान्य करतो.

डॉटवर्कमध्ये लंडनच्या झेड लेहेडचं नाव घ्यावं लागतं. भूमितीच्या नक्ष्या, सगळी छटा ठिपक्यांच्या दाट-विरळपणातून. ठळक काळ्या कामात आपल्याकडे मणिपूरचा मो नागा आहे. नागा जमातींच्या जुन्या खुणा जशाच्या तशा न उचलता तो त्यातून नवी नक्षी बांधतो. त्याचं काम लांबूनही वाचता येतं.

माझं पारडं फिरवलं ते टच-अपने, म्हणजे जखम भरल्यावर करायच्या डागडुजीने. मनगटाची जखम भरली तेव्हा घडीपाशी रेघ तुटलेली. टच-अप फुकट मिळाला, पण जोडलेला तुकडा मूळ रेघेपेक्षा किंचित जाड आला. तो जुळवून घ्यावा तर तोवर आर्टिस्टने शहर सोडलेलं, आणि दुसऱ्याच्या रेघेला कुणी हात लावेना. "ज्याची रेघ त्यानेच जोडावी," हे उत्तर सगळीकडे. ती जाडी इतर कुणाला दिसत नाही. मला घड्याळ बांधताना रोज दिसते. डॉटवर्कमध्ये चार ठिपके उडाले तरी पत्ता लागत नाही, आणि भरायचेच झाले तर कुठलाही बरा हात भरून देतो.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचाही विचार करा. शाई आतल्या थरात बसते, त्वचेचा स्वतःचा रंग तिच्या वर. फिकट करडी छटा त्याखाली लवकर हरवते, काळा ठिपका टिकतो. माझ्या आजीचं गोंदण हिरवट पडलं होतं, पण नक्षी शेवटपर्यंत ओळखू यायची.

डॉटवर्कला बसावं मात्र फार लागतं. दुखणं तीव्र नसतं, पण ते टोचणं संपता संपत नाही, शेवटी चिडचिड होते. शिवाय ऑफिसात बाह्या खाली ओढायची वेळ येऊ शकते. मनगटावरचं नाजूक काम घड्याळाखाली लपतं. चेहरा हवा असेल तर ही तुलनाच सोडा आणि मुंबईच्या सनी भानुशालीची शंकराची पोर्ट्रेट्स बघा.

आर्टिस्टकडे ताजे फोटो मागू नका, निदान दोन वर्षं जुन्या कामाचे मागा. सिंगल नीडलवाले तेव्हा जरा चाचरतात, असा माझा अनुभव. तुमचा वेगळा असू शकेल. फक्त नाव किंवा ओळ लिहायची असेल तर मीही सिंगल नीडलच म्हणेन, पण अक्षरं थोडी मोठी घ्या आणि मात्रा व अनुस्वार यांच्यात जागा सोडायला सांगा. शाई पसरली की पहिले तेच एकमेकांना चिकटतात.