प्रकाशयोजना शिकणाऱ्यांसाठी ब्लेंडर : एका नाटकवालीचा अनुभव

प्रकाशयोजना शिकायची तर रिकामा रंगमंच हवा, आणि मुंबईत नेमका तोच मिळत नाही. एकांकिका स्पर्धेत नेपथ्य आणि लाइट लावायला मोजकी मिनिटं असतात. मोठ्या नाट्यगृहात एक प्रयोग उठतो न उठतो तोच दुसऱ्याचा टेम्पो दारात येतो. 'हा स्पॉट (गोल झोताचा दिवा) जरा डावीकडे नेला तर?' हे करून बघायला तिथे कुणालाच सवड नसते. म्हणून मी ब्लेंडर शिकले. थ्रीडी ग्राफिक्सचं हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, आणि लाइट्स करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ते शिकावं असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त कळतात ते कोन. अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत आजही पायाभूत मानतात : नटाच्या समोरून डावीउजवीकडे साधारण ४५ अंशांवर दोन दिवे, उंचीचा कोनही तेवढाच, एक उबदार आणि एक थंड रंगाचा. कागदावरच्या आकृतीत हे दोन रेघांत संपतं. ब्लेंडरमध्ये दोन स्पॉट लावून एकेक बंद करा, चेहऱ्याची कुठली बाजू कशाने उजळते ते लगेच दिसतं. मग दिवा सरळ डोक्यावर न्या. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर येते. सोबत सुझान नावाचं माकडाचं डोकं तयार मिळतं. त्याच्या पुढे आलेल्या कपाळामुळे टॉप लाइटचा हा परिणाम फार स्पष्ट दिसतो.

त्याहून मोलाचं म्हणजे, मी शिवाजी मंदिर नाट्यगृहासारखा समोरून बघायचा मंच बनवला आणि पृथ्वी थिएटरसारखा तीन बाजूंनी प्रेक्षक असलेलाही. दुसऱ्यात तीन कॅमेरे तीन बाजूंच्या खुर्च्यांवर ठेवले. एका बाजूच्या प्रेक्षकाचा फ्रंट लाइट समोरच्या प्रेक्षकाच्या थेट डोळ्यांत जातो, हे ऐकून माहीत होतं; तिसऱ्या कॅमेऱ्यातून बघितल्यावर मी सगळे दिवे उंच चढवले. आमच्या दिग्दर्शकाने त्या चित्रात लेव्हलची (मंचावरच्या चौथऱ्याची) सावली भिंतीवर पडलेली बघून विचारलं, "अगं, ही अशीच पडणार का?" पडणारच होती. सुतारकाम सुरू व्हायच्या आत लेव्हल पुढे सरकली.

आता जिथे सावध राहायचं ते. ब्लेंडरमधले वॉट म्हणजे बल्बवर छापलेले वॉट नव्हेत. तिथे आकडा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा असतो. हॅलोजनची बरीचशी वीज उष्णतेतच जाते. त्यामुळे हजार वॉटच्या पारसाठी (नाटकात सर्रास वापरला जाणारा डब्यासारखा दिवा) तिथे १००० लिहू नका. स्पॉटचा कोन लहान केला तरी मधला उजेड तेवढाच राहतो, म्हणजे तो आयरिससारखा, झोताच्या कडा झाकणाऱ्या झडपेसारखा, वागतो. झूम प्रोफाइलमध्ये (भिंगांनी झोत लहानमोठा करता येणाऱ्या दिव्यात) मात्र वर्तुळ लहान केलं की उजेड एकवटतो आणि वाढतो.

डिमरचं तर अजून निराळं. खरा हॅलोजन फेडरवर (उजेड कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर) खाली आणला की लालसर होत जातो, आणि संध्याकाळचे कितीतरी प्रसंग आपण त्या लालीवरच तोलतो. ब्लेंडरमध्ये पॉवर कमी केली तर रंग जिथल्या तिथे राहतो. पॉवरबरोबर केल्विन, म्हणजे रंगाचं तापमानही, आपणच खाली आणावं लागतं. त्यातही हॅलोजनचं ३२०० केल्विन लॅपटॉपच्या स्क्रीनवर नारिंगी दिसतं, कारण स्क्रीनचं पांढरं ६५०० च्या आसपास धरलेलं असतं. नाट्यगृहात बसलेल्या डोळ्याला तेच काही क्षणांत पांढरं वाटू लागतं. कलर मॅनेजमेंटमध्ये व्हाइट बॅलन्स बदलून हे बरंच सावरतं. नव्या आवृत्त्यांतलं एजीएक्स (चित्राचे रंग स्क्रीनसाठी बसवणारी सेटिंग) गडद जिलेटीनचा, म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत कागदाचा, रंग जास्त उजेडात फिका करतं, तेही ध्यानात असू द्या.

हवेत दिसणाऱ्या झोतांच्या मोहात पडू नका. व्हॉल्यूम स्कॅटर (हवेत धुकं आणणारा नोड) टाकला की चित्र देखणं होतं, पण मंचावर धूर किंवा हेझ (यंत्राने सोडलेलं विरळ धुकं) नसेल तर तो झोत कुणालाही दिसणार नाही.

ब्लेंडरडीएमएक्स हे अॅड-ऑनही मोफत आहे. क्यूएलसी प्लस या दिवे चालवायच्या सॉफ्टवेअरमधले फेडर आर्ट-नेटवरून (नेटवर्कवरून दिव्यांचे संदेश पाठवायची पद्धत) त्याला जोडले की क्यू, म्हणजे प्रयोगातले ठरलेले प्रकाशबदल, चालवता येतात. ते नंतर शिका; आधी सावल्या ओळखू येऊ द्यात.

ब्लेंडरमध्ये चित्र तयार करायची ईव्ही आणि सायकल्स अशी दोन इंजिनं आहेत. माझ्या साध्या लॅपटॉपवर ईव्ही झटपट चालतं, सायकल्स रेंगाळतं. सगळी जमवाजमव ईव्हीत करावी आणि दिग्दर्शकाला दाखवायची मोजकी चित्रं तेवढी सायकल्समध्ये रात्रभर लावून ठेवावीत. सुरुवात करण्याआधी मात्र टेप घेऊन नाट्यगृहात जा. दिवे टांगायचा बार किती उंचीवर आहे, मंचाच्या कडेपासून किती आत आहे, किती दिवे चालू आहेत, हे तिथल्या लाइटवाल्या दादांना विचारून वहीत लिहा. ती मापं खरी नसतील तर लॅपटॉपवर जमलेला एकही कोन प्रयोगाला हाती लागणार नाही.